रजईच्या दुकानातले घोडेस्वार

शेवटची गोळी सुटली, बदमाश धुळीत आडवा झाला, की चाचा रिमोट उचलायचे. टीव्ही बंद. "हं, काम झालं," म्हणायचे आणि पुन्हा गादीला टाके घालायला बसायचे. इकडे आम्ही पाचसहा जण काळ्या पडद्याकडे आ वासून पाहत. अरे, पुढे काय झालं? तो घोडेवाला कुठे गेला? पण चाचांच्या लेखी काम झालं म्हणजे पिक्चर संपला, मग तो बनवणाऱ्याला काहीही वाटो.

तुमच्यापैकी जे कोणी या इटलीवाल्यांच्या टोपी-घोडा-पिस्तुलाच्या पिक्चरांचे शौकीन असतील, त्यांना ठाऊक आहे. आपण भेटलो की हमखास एकमेकांना विचारतो, पहिला कुठे पाहिला? कोणी अमरावतीच्या टॉकीजचं नाव सांगतो, कोणी पुण्यातल्या होस्टेलचं. मी सांगतो, दर्यापुरात, रजईच्या दुकानात. लोक हसतात. हसू द्या. त्यांनी निदान शेवट तरी पाहिले.

माझं बी-बियाण्याचं आणि फवारणी पंपांचं दुकान, त्याला लागून चाचांचं. पिढीजात पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हाच धंदा. मोठा मुलगा सुरतेला मागावर कामाला गेला होता. त्याने ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर एक जुना टीव्ही, सीडी प्लेअर आणि पिशवीभर सीड्या पाठवल्या. सगळ्या घोडेवाल्यांच्या. आवाज हिंदीत भरलेले होते, एवढीच मेहेरबानी. चाचांना त्यातलं काही आवडायचं असं मला कधी वाटलं नाही. "पोरानं पाठवल्या, तं पाहाव लागते," म्हणायचे.

ती वर्षं कापसाला वाईट होती. गिऱ्हाईक माझ्या बाकड्यावर बसायचं, पेपर उघडायचं, आत्महत्यांच्या बातम्यांतली गावांची नावं वाचून तो मिटायचं आणि काही न घेता उठायचं. घरी कोणालाच बसवत नव्हतं. चाचांकडे ठाय ठाय सुरू झालं, की सगळे तिकडे सरकायचे. ऊन, धूळ, वाळकी झाडं, ओसाड गाव. पहिल्याच दिवशी एक म्हातारा म्हणाला, "हे तं आपलंच हाय, फक्त घोडे जास्त हायेत." मी तर तिथेच अडकलो. माझ्या दुकानात भाव विचारायला आलेल्या माणसाला मला त्या पडद्यासमोरून उठवून न्यावं लागायचं.

पण शांतपणे पाहू देतील तर ते चाचा कसले. ऐन मोक्याला पिंजायचं मशीन सुरू. कापसाचे तंतू उडून काचेवर बसायचे आणि वाळवंटात बर्फ पडल्यासारखं दिसायचं. नायक किती कमी बोलतो म्हणून मी कौतुक केलं, तर म्हणे, "तोंडात तंबाखूचा खर्रा असला की मानूस असाच गप्प राह्यते." त्याच्या अंगावरच्या घोंगड्याची शिवण त्यांना कधीच पसंत पडली नाही. आणि दोघं एकमेकांवर डोळे रोखून उभे राहिले की वैतागायचे, याईचं पाहणं होईपर्यंत माझी एक गादी भरून होते.

हे सगळं मी सहन केलं. शेवटाचं नाही. एकदा मी रिमोट खिशात घातला, तर चाचांनी उठून प्लग उपटला. एकदा सीडी घरी न्यायला मागितली. "पोराची हाय. दुकानाबाहेर जात नाही." असा संताप यायचा! दोन तास धूळ आम्ही खायची आणि शेवट मात्र यांच्या मर्जीवर.

एके दुपारी मी भडकलोच. सगळ्यांसमोर बोललो, की चाचा, तुम्हाला पिक्चरची अक्कल नाही, पाहायचा नसेल तर बाहेर जाऊन उभे राहा, आम्हाला पाहू द्या. चाचा रागावले नाहीत. मोठी सुई गादीत खोचून ठेवली.

"तू नाही पाह्यला शेवट, मी पाह्यला. सगळ्याईत एकच हाय. तो घोड्यावर बसते अन् जाते. पाठमोरा. लहान लहान होत जाते."

"मग? त्यात काय झालं?"

"माहा पोरगा अस्साच गेला, भाऊ. यष्टी वळेपर्यंत मी पाह्यलं. एक बार पाह्यलं, बस. रोज रोज काहून पाहू?"

मी उठलो. दुकानात आलो आणि उगाच पंपांवरची धूळ झटकत बसलो. त्यानंतर पडदा काळा झाला की कोणी ओरडायचं नाही. मीही नाही. मनातल्या मनात मात्र चरफडायचो, खोटं कशाला सांगू.

मग फोमच्या गाद्या आल्या. मशीन बंद राहू लागलं. सुरतेहून मुलाचा फोन माझ्याच दुकानात यायचा, अब्बांना समजवा, इकडे या म्हणावं. मी समजवायचो, पण उलटं. तिथे तुम्हाला विचारतं कोण, इथे निदान भांडायला मी आहे. चाचा ऐकून घ्यायचे. थंडी पडली, रजयांचे ऐन दिवस, आणि एकही रजई भरायला आली नाही, तेव्हा त्यांनी मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्यांचाच राग आला.

अकोल्याच्या गाडीवर पोचवायला गेलो. पुढे तिथून सुरतेची रेल्वे. गठडी वर चढवली, चाचा खिडकीशी बसले. सीड्यांची पिशवी मांडीवर होती, ती त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"प्लेअर अन् टीव्ही दुकानातून घेऊन घेजो. पाह्य आता शेवट." मग म्हणाले, "जा भाऊ. काम झालं."

"गाडी तर निघू द्या."

"नाही. आत्ताच जा."

ड्रायव्हर अजून चहा पीत होता. काय हट्टी माणूस! जाता जातासुद्धा शेवट पाहू देईना. तरी मी वळलो. कोपऱ्यावर आलो तेव्हा मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. फार वाटलं, पण मागे पाहिलं नाही.

आता तो टीव्ही माझ्या दुकानात आहे. बाकड्यावर नवी माणसं बसतात, मधूनमधून घोडेवाला लावायला सांगतात. मी लावतो. बदमाश पडला की रिमोट उचलतो, आणि शिव्या खातो.