लाँड्रीतून केलेलं बेटाचं नियोजन

एका देशाचं अख्खं कृषी खातं डोळे मिटून प्रार्थना करत होतं आणि मी त्यांना मोठ्या आवाजात सांगितलं, "आय थिंक यू आर ऑल फ्रोझन."

यात माझा दोष अर्धाच. पडद्यावर लांबलचक टेबलाभोवती मंडळी बसलेली, सगळ्यांच्या माना खाली, कुणी हलत नाही, आवाज नाही. प्रार्थना म्हणणाऱ्या साहेबांचा माइक बंद आहे हे मला कसं कळणार? मेलबर्नच्या टोकाला, टार्निटला, आमच्या गल्लीतलं इंटरनेट असंच गोठायचं. मी आपला आउट झालो, परत आत आलो, तर चित्र तेच. "स्टिल फ्रोझन," मी म्हणालो. तेव्हा टेबलाच्या कडेला बसलेल्या एका बाईंचे खांदे मान खाली ठेवूनच गदगदू लागले. चित्र हलतंय हे मला त्या खांद्यांवरून कळलं.

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, दे आर प्रेइंग. अँड यू आर नॉट ऑन म्यूट."

ती पाचवीत होती आणि लॉकडाउनमुळे डायनिंग टेबलवर तिची शाळा भरायची. स्टडीमध्ये बायकोचं ऑफिस. ती बँकेच्या ग्राहकांचे फोन घेते, त्यामुळे दार बंद होणारी एकमेव खोली तिला. उरलेली जागा म्हणजे लाँड्री, घरातली कपडे धुवायची खोली. वॉशिंग मशीनवर इस्त्रीचा बोर्ड आडवा टाकून मी त्यावर लॅपटॉप ठेवायचो आणि मागे वाळत घातलेले मोजे दिसू नयेत म्हणून पडद्यावर समुद्राचं चित्र लावायचो. ज्यांच्याशी बोलायचो त्यांच्या खिडकीबाहेर खराच समुद्र होता, हा भाग वेगळा.

काम होतं पॅसिफिकमधल्या एका छोट्या देशाची शेती आणि गरिबी कमी करण्याची योजना बनवायचं. एरवी आमच्या कंपनीतली माणसं विमानाने जाऊन, तिथल्या चटयांवर बसून, नारळ पिऊन ही कामं करतात. नारळवाल्या प्रवासांत माझा नंबर कधीच लागला नव्हता. मी ऑफिसात बसून आकडे जुळवणारा. विमानं बंद झाली आणि सगळ्यांनाच घरात बसावं लागलं, तेव्हा साहेबाला आठवलं की घरात बसून काम करण्याचा सर्वांत दांडगा अनुभव माझाच आहे. "मेट, यू आर अ नॅचरल," तो म्हणाला. शिवाय मी कृषी पदवीधर. पुण्याला शिकलो, तिथून इकडे ऑस्ट्रेलियात युनिव्हर्सिटीला आलो, आणि या सगळ्या काळात स्वतःच्या हाताने उगवली ती फक्त कोथिंबीर. तीसुद्धा एकदाच.

खांदे गदगदलेल्या बाई तिथल्या नियोजन विभागाच्या प्रमुख निघाल्या. माझ्याच वयाच्या, अंगाने भरलेल्या, कानामागे फूल खोवून मीटिंगला येणाऱ्या. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'मिस्टर फ्रोझन' ठेवलं. आमचं जमलं ते मात्र अळूवरून. तिथलं मुख्य पीक टॅरो, म्हणजे आपलं अळूच, पण ते लोक खालचा गड्डा भातासारखा रोज खातात. मी उत्साहाने सांगितलं की आमच्याकडेही अळू असतं, आम्ही पानांच्या वड्या करतो, देठी भाजीत घालतो.

"आणि गड्डा?" बाईंनी विचारलं.

"तो आमच्या घरी कुणी विचारत नाही. राहतो मातीत."

"आणि तुम्ही आमच्या अन्नाच्या नासाडीवर रिपोर्ट लिहिताय," त्या म्हणाल्या.

नासाडी हा माझ्या रिपोर्टचा कणा होता. बेटाबेटावरून आकडे आले होते: शेतात किती पिकलं, घरात किती खाल्लं, बाजारात किती विकलं. मी पिकलेल्यातून खाल्लेलं आणि विकलेलं वजा केलं. जे उरलं त्याला नाव दिलं 'लॉस'. दूरच्या बेटांवर हा लॉस इतका भरला की मलाच गहिवरून आलं. एवढं अन्न कुजतंय! मग उपाय उघड होता. मुख्य बेटावर मोठं शीतगृह बांधा. पैसे देणाऱ्या संस्थेला शीतगृहं आवडतात, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो.

पण खर्चाच्या यादीत शीतगृह वर गेलं की दुसरं काहीतरी खाली येणार, आणि खाली आलं ते बेणं. त्याचं असं झालं होतं. पर्यटक बंद झाले, हॉटेलं बंद झाली, आणि तिथे काम करणारी माणसं बायकापोरांसह आपापल्या बेटांवर परतली होती. जमिनी होत्या, वडिलोपार्जित. पण वर्षानुवर्षं पडीक, आणि लावायला अळूचे कोंब नाहीत, कोनफळासारखा याम नाही, रताळ्याचे वेल नाहीत. शेजाऱ्यांकडे होतं ते त्यांच्यापुरतं. बाईंची योजना साधी होती: एका ठिकाणी बेण्याचा मळा करायचा आणि बोटीने बेटाबेटावर बेणं पोचवायचं. लावणीच्या हंगामाआधी. हंगाम हुकला की ही माणसं पुढचं वर्षभर दुसऱ्यांच्या शेतातलं खाणार.

"माझी धाकटी बहीण आहे त्यांच्यात," बाई एकदा म्हणाल्या. "हॉटेलात खोल्या आवरायची. आता मुलांना घेऊन वडलांच्या जागेवर आहे." आणि मग लगेच, "पण ते सोडा. तुमचा हा लॉस मला लॉस वाटत नाही."

मी त्यांना व्याख्या समजावून सांगितली. खाल्लं नाही, विकलं नाही, म्हणजे लॉस. जगभर असंच धरतात.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "ओके," त्या म्हणाल्या.

मी स्टडीचं दार ढकलून बायकोला विजयाची बातमी दिली, की बाईंना पटलं.

"काय म्हणाल्या?"

"ओके म्हणाल्या."

"नुसतं ओके?" बायकोने हेडफोन एका कानावरून बाजूला केला. "दिवसभर मला लोक ओके म्हणतात. पटलेला माणूस निदान दोन शब्द बोलतो रे."

मी दुर्लक्ष केलं आणि मसुदा साहेबाकडे पाठवून दिला.

मग गणपती आले. त्या वर्षी आमच्याकडे यायला कुणाला परवानगी नव्हती, पण व्यायामाला चालत जायची होती. तर बायकोने मोदक केले, डबे भरले आणि मला व्यायामाला पाठवलं. मी मास्क लावून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गल्लोगल्ली हिंडलो. दारात डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे सरायचं. शेजारची पंजाबी भाभी कुंपणावरून ओरडली, "भाईसाब, इतने सारे? घर में कुछ रखा भी है?"

प्रश्न बरोबर होता. घरी आलो तर ताटात माझ्या वाट्याला मोजकेच मोदक. मी आपला गंमत म्हणून बोलून गेलो, "पिकवलेल्यातले निम्म्याहून जास्त बाहेर. माझ्या भाषेत याला लॉस म्हणतात."

बायकोने माझ्यासमोरून पनीरची वाटी उचलली. ते पनीर भाभीच्या घरून आलं होतं, आदल्या आठवड्यात आमच्याकडून गेलेल्या पुलावाच्या डब्यातून. डबा रिकामा परत करायचा नाही, हे तिला आमच्याकडून कळलं होतं की तिच्या आईकडून, कोण जाणे. मग बायकोने कोशिंबीर उचलली. त्यातली काकडी मागच्या गल्लीतल्या तेलुगू कुटुंबाकडची. मग चटणी उचलली. पानात भात उरला.

"जेव," ती म्हणाली. "हे लॉसमधून वाचलेलं."

लेक एवढी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र कोरडा भात चिवडत बसलो, कारण माझ्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न आला होता. दूरच्या बेटांवर कुजणाऱ्या त्या डोंगराएवढ्या अळूचं काय? ते कुजलं असतं तर कुणाला तरी वास आला असता की.

जेवण उरकून मी लाँड्रीत गेलो आणि बाईंना फोन लावला. काही प्रस्तावना न करता विचारलं, की जे खात नाहीत आणि विकत नाहीत, ते जातं कुठे?

"बसा," बाई म्हणाल्या. "वेळ आहे ना?" मी कपड्यांच्या टोपलीवर बसलो. अळू चर्चच्या जेवणाला जातं. कुणी गेलं की त्याच्या घरी जातं. मास्तरांकडे जातं, कारण मास्तर दुसऱ्या बेटाचे, त्यांना जमीन नाही. बहिणीकडे जातं, मामाकडे जातं, आणि तिकडून मासे येतात, चटया येतात, कुणीतरी छप्पर शाकारायला येतं. हे बाईंनी मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं. तुम्ही व्याख्या वाचून दाखवलीत."

मग त्या बहिणीबद्दल बोलल्या. बहीण उपाशी नव्हती. तिथे कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही. पण आल्यापासून ती चर्चच्या जेवणाला गेलीच नव्हती. जाताना टोपली न्यावी लागते आणि तिच्याकडे टोपलीत घालायला काही नाही. मुलांना पाठवते, स्वतः घरी बसते. "लोक म्हणतात ये, काही आणू नकोस. म्हणून तर ती जात नाही."

मशीन पिळायच्या फेरीवर गेलं होतं आणि लॅपटॉपसकट बाई थरथरत होत्या.

पुढचे दिवस आम्ही दोघांनी ते आकडे पुन्हा मांडले. बाईंनी बेटाबेटावर फोन करून माणसांना विचारायला लावलं, की कुणाला दिलं, कुणाकडून आलं. माझा लॉस उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा आटत गेला. खरं कुजणारं निघालं थोडंसंच. आणि हॉटेलातून परतलेल्या माणसांच्या घरांपाशी 'दिलं' हा रकाना जवळपास कोरा.

साहेबाला फोन केला तर तो म्हणाला, "मेट, मसुदा गेलाय. शीतगृह सगळ्यांना आवडलंय." मी म्हणालो, ते चूक आहे. कुणाची चूक, त्याने विचारलं. माझी, मी म्हणालो. नोकरीच्या दृष्टीने हे फार शहाणपणाचं नव्हतं. त्या महिन्यांत आमच्याकडची माणसं पटापट कमी होत होती. पण साहेब स्वभावाने भला. "राइट," तो म्हणाला. "तूच सांग त्यांना."

तर पैसे देणाऱ्या संस्थेपुढे मी उभा राहिलो, म्हणजे टोपलीवर बसलो. या वेळी प्रार्थनेला मान खाली घातली आणि माइक बंद केला. मग आकडे दाखवले. संस्थेचा माणूस कॅनबेराहून बोलत होता, जाड चष्म्याचा, कंटाळलेला. आकड्यांनी तो हलला नाही. शीतगृहाचं काय, एवढंच विचारत राहिला. मी घाबरून आणखी तक्ते उघडत गेलो. शेवटी बाईच मधे बोलल्या. नाव न घेता त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली, टोपलीची.

तो माणूस थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं, आता हा खरंच फ्रीझ झाला.

"म्हणजे," तो म्हणाला, "तिला ब्रिंग अ प्लेट जमत नाहीये."

इकडे लोक जेवायला बोलावतात तेव्हा असंच सांगतात, की येताना एक पदार्थ घेऊन या. मीटिंगला बसलेला माझा साहेब पुटपुटला, "माझी आई अशी जेवणं टाळायची. आम्हाला वाटायचं तिला माणसं आवडत नाहीत."

त्यानंतर शीतगृहाबद्दल कुणी फार बोललं नाही. ते छोटं झालं आणि पुढच्या टप्प्यात गेलं. बेण्याचा मळा आणि बोट वर आली. बोट निघायला उशीर झालाच, कारण इंजिनाचा कुठलासा भाग ज्या विमानाने यायचा ते उडत नव्हतं. बाई रोज एका ओळीचा निरोप पाठवायच्या: आज नाही. आज नाही. मी तो सकाळी दात घासताना वाचायचो. मग एके दिवशी निरोपाऐवजी फोटो आला.

मी तो नाश्त्याच्या वेळी बायकोपुढे धरला. काळ्याभोर मातीत अळूचे कोंब, रांगा जरा वाकड्या. मधे बाईंची बहीण, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टोकदार काठी. खाली बाईंनी लिहिलं होतं, की पीक यायला अजून खूप महिने आहेत, पण पानं निघाली आहेत आणि रविवारी ती पानं टोपलीत घालून ही जेवणाला गेली.

माझा ऊर भरून आला होता. गरिबी निर्मूलन, मी म्हणालो. लाँड्रीतून.

बायकोने फोन हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बहिणीचा चेहरा बराच वेळ बघितला.

"हिला शेती आवडत नाही," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"काठी कशी धरलीय बघ. झाडू धरल्यासारखी." तिने फोन मला परत दिला आणि चहाचा कप उचलला. "हॉटेल उघडलं की ही जाणार. आणि शेतातलं तण काढायचं काम तुझ्या त्या बाईंच्या गळ्यात पडणार. आमच्या बहिणींत थोरली मी आहे, मला विचार."