बाबांचं महाबळेश्वर

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते.

आमच्या परळच्या घरी फ्रिजचा खालचा कप्पा सासऱ्यांचा. त्यात त्यांचं बटाट्याचं बियाणं. महाबळेश्वरकडच्या त्यांच्या गावातलं जुनं वाण — लाल साल, आणि कापला की आत जांभळं कडं. गावात आता ते कुणीच लावत नाही. बाबा दर हिवाळ्यात गच्चीवर गोण्यांत माती भरून लावायचे, थोडे खायला द्यायचे आणि बाकीचे पुढच्या थंडीपर्यंत त्या कप्प्यात. आम्ही त्याला 'बाबांचं महाबळेश्वर' म्हणायचो. मीही हसायचे. पण माझी कोथिंबीर कुठे ठेवायची, सांगा ना?

त्या नवरात्रात बाबा गावी गेले होते. मला उपास, बाहेर उकाडा, टोपलीत एक बटाटा नाही — आणि समोर तो कप्पा. विसरले होते का मी? नाही. चांगलं आठवत होतं. उलट रागच आला, आणि त्या रागात सगळे कुकरला लावले. एक तरी ठेवावा? — नाही ठेवला. जिरं-मिरची घालून भाजी केली, वर दही घेतलं. इतकी चवदार भाजी मी कधी खाल्ली नाही, हेही सांगून टाकते.

मग घाबरले. दादरच्या बाजारातून लाल सालीचे बटाटे आणून कप्प्यात भरले. थंडी पडल्यावर बाबांनी तेच, न कापता, अख्खे लावले. पाला वाढला तसा मला रोज गच्चीवर बोलावून दाखवायचे. फार जीव आहे हो माझा त्यांच्यावर. तरी बोलले का?

काढणीच्या दिवशी त्यांनी पहिला बटाटा कापला. आत पांढराफटक. आणखी एक कापला, आणखी एक. मग सुरी खाली ठेवली.

"माझंच काहीतरी चुकलं गं. म्हातारा झालो. हात गेला माझा."

मी म्हटलं, "होतं असं, बाबा."

पुन्हा त्यांनी गोण्या भरल्या नाहीत. कप्पा स्वतः पुसून मला दिला. "ठेव गं तुझी कोथिंबीर," म्हणाले, अगदी मायेनं.

अजूनही बाजारातून लाल बटाटे आले की बाबा आधी एक कापून बघतात. मी तिथेच ओट्याशी उभी असते. कोथिंबीर निवडत.