दोन्हीकडचा एकेक

कोल्हारच्या शाळेतल्या दहावीच्या बॅचने चाळिशी ओलांडल्यावर व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि ॲडमिन केलं वृषालीला. ती गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासते. दूध पुढाऱ्याच्या गोठ्यातलं असो नाहीतर कुणा छबूबाईच्या एकुलत्या गाईचं, मशीन दाखवेल तेच ती सांगते. अशी बाई भांडणं नीट मिटवेल, असं सगळ्यांना वाटलं. बिचारीला तो मान वाटला.

आधी मुलांचे वाढदिवस झाले, मग निवडणूक आली, मग आरक्षण आलं. गुड मॉर्निंगच्या फुलांखालीच लोक एकमेकांची जात काढू लागले. भार्गवी देशपांडे म्हणजे वृषालीची शाळेतली बाकावरची मैत्रीण, आता पुण्यात असते. ती रोज कोट्यातल्या डॉक्टरांवर काहीतरी फॉरवर्ड करायची. वर्गातल्याच सम्राटचं आणि वृषालीचं घर बुद्धविहाराला लागून. तो पेटून उत्तर द्यायचा. मग दोघांचेही फोन वृषालीला. भार्गवी म्हणायची, तुझ्याबद्दल नाही गं, तू वेगळी आहेस. सम्राट म्हणायचा, तू आपली असून गप्प कशी?

शेवटी वृषालीने नियम काढला. भांडण झालं की दोन्हीकडचा एकेक मेसेज पुसायचा, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. खरं तर नियम कसला, भीतीच होती ती. एकट्या भार्गवीचा मेसेज पुसला तर काय काय ऐकावं लागेल, हे तिला तोंडपाठ होतं.

एकदा सम्राटने कुणालाही न सुनावता साधं सरळ लिहिलं. त्याच्या मुलीला, संस्कृतीला, नगरच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. खोली पसंत पडली, चावी हातात आली, मग मालकिणीने आडनाव विचारलं आणि चावी परत मागून घेतली. पोरगी रस्त्यात उभी राहून रडली. त्याखाली भार्गवीचा मेसेज आला, की हे रडगाणं किती दिवस ऐकायचं. वृषालीने तो पुसला. आणि मग, नियम म्हणून, सम्राटचाही पुसला.

असा ॲडमिन हवा, म्हणून ग्रुपने टाळ्या दिल्या. सम्राटचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज अगदी शांत होता.

"वृषाले, एकानं पानी घातलेलं दूध आनलं म्हनून तू दुसऱ्याचं चांगलं दूध कदी गटारीत वतलं का?"

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. सम्राटने ग्रुप सोडला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी केंद्रावर कुणी नसताना तिने ग्रुपवर स्वतःचं लिहिलं. दहावीनंतर टायपिंगच्या कोर्सला ती आणि भार्गवी नगरला मिळून खोली शोधत होत्या. मालकिणीने आडनावं विचारली, भार्गवीला ठेवून घेतलं आणि वृषालीला बसस्टँडचा रस्ता दाखवला. शेवटी तिने लिहिलं, भार्गवी तेव्हा सोबत होती, तिला विचारा.

लगेच भार्गवीचा फोन आला. "खरं आहे गं, मी कुठं नाही म्हणते? पण ग्रुपवर कशाला? काढून टाक ना."

"खरं आहे, एवढंच तिथं लिही," वृषाली म्हणाली.

भार्गवीने तिथं लिहिलं ते वेगळंच. ॲडमिनने तटस्थ राहावं, जमत नसेल तर दुसऱ्याला द्यावं. धडाधड अंगठे पडले, आणि नाव सुचवलं गेलं भार्गवीचंच. वृषालीने नाही म्हणावं तर खुर्चीला चिकटली, ग्रुप सोडावा तर खोटी होती म्हणून पळाली. शिवाय ॲडमिन ती एकटीच, म्हणजे अधिकार द्यायचा तर तोही तिनेच. तिने भार्गवीला ॲडमिन केलं आणि स्वतः बाजूला झाली.

चहा होईपर्यंत वृषालीचा मेसेज नाहीसा झाला होता. त्या जागी लिहून आलं होतं, की ॲडमिन भार्गवीने तो डिलीट केला. नियमाला धरून भार्गवीने स्वतःचाही एक पुसला होता, सकाळचा गुड मॉर्निंगचा. ग्रुपने पुन्हा टाळ्या दिल्या.