बॅटरीशिवाय चालणारा काचेचा तुकडा

बारामतीच्या कॉलेजात मी पीएचडीसाठी प्रकाशसंवेदक बनवत होते. काचेवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा केसाहून कितीतरी पातळ थर द्यायचा. त्यावर उजेड पडला की बॅटरीशिवाय वीज वाहते आणि उजेड किती आहे ते कळतं. माझे संवेदक मात्र दुसऱ्या दिवशीच मंदावायचे.

दोष थराच्या पृष्ठभागावर होता. तिथं अणूंच्या काही जागा रिकाम्या राहत. वीज त्यांत अडकायची, हवेतली ओल तिथूनच आत शिरायची. त्या बुजवायला मी वरून एका क्षाराचं द्रावण दिलं, तर वीज जवळजवळ बंदच पडली. तीनदा तेच.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "विषय बदलूया का? तुझं वर्ष जायला नको."

"एक महिना द्या, मॅडम."

एका दुपारी प्रयोगशाळेतली भांडी धुताना बशीत सांडलेलं ते द्रावण वाळलेलं दिसलं. नखानं खरवडलं तर जाड पांढरा पापुद्रा निघाला. म्हणजे मी खड्डे बुजवत नव्हते, वर भिंतच बांधत होते! द्रावण पार पातळ केलं, नवा संवेदक केला आणि दिवा लावला. मीटरवरचा आकडा आधीच्या दुपटीवर गेला. दिवा बंद केला, आकडा शून्यापाशी. मॅडमनी वायरी बदलल्या, मीटर बदलला. आकडा तोच. आठवड्यानंतरही तोच.

"आता तू म्हणालीस तरी विषय बदलू देणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

त्या रविवारी काचेत बंद केलेला एक संवेदक आणि छोटा मीटर घेऊन मी पळसदेवला घरी गेले. माझे वडील, आबा, उजनी धरणाच्या काठावर जाळं नीट करत बसले होते. मी तुकडा मीटरला जोडून त्यांच्यापुढं ठेवला.

"बॅटरी कुठं हाय ह्याची?"

"मीटरला आहे, आबा. या तुकड्याला नाही."

त्यांनी त्यावर तळहात धरला. आकडा पडला. हात काढला, चढला. पुन्हा धरला, पुन्हा काढला. मग पाण्यातल्या होडीकडं बघून ते ओरडले, "आरं, हिकडं या! पोरीनं केलंय हे, माज्या पोरीनं!"

होडी वळली. तिघं भिजल्या पायांनी वर आले आणि प्रत्येकानं आपला हात धरून बघितला. आबा दर खेपेला मीटर वाचून दाखवत होते, आणि मी शेजारी उभी राहून हसत होते.