पाण्याचा मापाडी

धर्मराजाला सरकारी नोकरी लागली तेव्हा निपाणीच्या त्याच्या गल्लीत आधी पेढे वाटून झाले आणि मग लोकांनी विचारलं, "पर काम काय हाय?"

"विहिरीतलं पाणी मोजायचं," धर्मराज म्हणाला.

मग त्याच्या आईबरोबर तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाळाबाई म्हणाली, "एवढी मॅट्रिक केलीस, आन् शेवटी विहिरीत डोकं घालायलाच गेलास व्हय रं?"

साल चौऱ्याहत्तर. भूजल खात्याचं ऑफिस बेळगावात, आणि निपाणीपासून बोरगावच्या बाजूला पसरलेल्या अडतीस विहिरी धर्मराजाच्या वाट्याला आल्या. जमिनीखालचं पाणी कुठं उतरतंय, कुठं चढतंय आणि ते पिण्याजोगं राहिलंय का, हे खात्याला हवं होतं. त्यासाठी जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा वर्षातून चार फेऱ्या. सायकलच्या कॅरेजला एक पिशवी. पिशवीत पोलादी टेप, खडूचं खोकं, रजिस्टर आणि मेच्या फेरीत पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावरचा आकडा धरायचा आणि टेप वर ओढून खडू कुठंपर्यंत भिजलाय ते बघायचं. दोन आकड्यांची वजाबाकी केली की पाणी काठापासून किती खाली ते कळतं. काम सोपं होतं. अवघड होती ती माणसं.

कारण आपल्याकडं मोजलं की उतरतं. धान्याची रास मोजताना मापाडीसुद्धा 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो आणि मग दोनावर जातो. बरकत हलू नये म्हणून. इथं तर एक अनोळखी पोरगा येऊन चक्क गावाचं पाणी मोजायला निघालेला. जांभूळमाळ नावाच्या गावात पहिल्याच फेरीला सुलाबाई नावाची एक शेतकरीण घागर कमरेवर घेऊन त्याच्या आडवी उभी राहिली.

"मोज बाबा, सरकारचं काम हाय. पर आदी लाभ म्हण."

धर्मराजानं 'लाभ' म्हटलं आणि टेप सोडली. सुलाबाई बाजूला झाली. त्या दिवसापासून अडतीसही विहिरींवर तो आधी लाभ म्हणायचा आणि मगच टेपला हात लावायचा. लोक त्याला 'पाण्याचा मापाडी' म्हणू लागले. एकदा बेळगावात खासबागेतल्या एका विहिरीवर साहेबांच्या देखत त्याच्या तोंडून लाभ निघून गेलं. कानडी साहेबांनी विचारलं, "येन री, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?" धर्मराज म्हणाला, "प्रॅक्टिकलमध्ये हाय, साहेब."

अडतीस विहिरींत एक विहीर मात्र त्याच्यासाठी वेगळी होती. जांभूळमाळची थोरली विहीर. गाव पाणी प्यायचं ते तिचंच, आणि हे गाव म्हणजे धर्मराजाच्या आईचं, तानुबाईचं माहेर. तिच्या लोकांची वस्ती ओढ्यापलीकडं. तानुबाईच्या लहानपणी त्यांच्यातल्या बायकापोरींनी थोरलीच्या काठावर यायचं नाही. खालच्या पायरीशी घागर ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतणार, नाही आली तर उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. तानुबाई लग्न होऊन निपाणीला जाईपर्यंत त्या पायरीशी उभी राहिली, पण विहीर आतून कशी आहे ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. पुढं सगळे बौद्ध झाले, कायदा झाला, ओढ्यापलीकडं हातपंप बसला. थोरलीवर जायला आता कुणी अडवत नव्हतं. पण माहेरी गेली तरी तिचे पाय काही त्या बाजूला वळत नव्हते.

म्हणून मेची फेरी झाली की ती भाकरी थापता थापता विचारायची, "थोरलीला पाणी किती रं?"

धर्मराजाचे हिशेब तीन. ऑफिसला मीटर, गावाला हात आणि आईला समजुतीनं. "काठापासनं चौदा हातावर हाय, आई. गच्च."

"आसू दे. पोरीबाळींची तहान भागंल," ती म्हणायची. तिच्या मनात खरोखरच त्या विहिरीबद्दल राग नव्हता. धर्मराजाच्या मनात होता, पण टेप सोडताना तो राग काठावर ठेवायचा, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. आपला आकडा चोख असला पाहिजे, त्यावर कुणी बोट ठेवता कामा नये, एवढीच त्याची प्रतिष्ठा. आणि ती त्याला जिवापलीकडं प्यारी होती.

तर नऊ वर्षं थोरलीचं मेमधलं पाणी चौदा हातांवर. इकडं-तिकडं वीतभर. आजूबाजूच्या गावांत विहिरी तळाला जात होत्या, उसापायी मोटारींवर मोटारी बसत होत्या, पण जांभूळमाळचं पाणी जसंच्या तसं. नमुनाही इतका निर्मळ की प्रयोगशाळेनं एकदा चिठ्ठी पाठवली, पाण्यात तुरटी फार कशी? धर्मराजाला त्याचंही नवल वाटलं नाही. आईच्या माहेरची विहीर म्हणून त्याला उलट थोडा अभिमानच वाटायचा. माणूस कितीही हुशार असो, अभिमानाच्या ठिकाणी थोडा आंधळा असतोच.

ब्याऐंशी साली गावच्या पंचायतीचे चेअरमन मारुतीराव त्याला चहा पाजता पाजता म्हणाले, "मापाडी, पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मागितलं तर सरकारनं अर्ज परत धाडला. म्हणत्यात, तुमच्या विहिरीला नऊ वर्सं भरपूर पाणी हाय. लई आडचन हाय ओ आमची."

"आडचन कसली? चौदा हातावर पाणी हाय की," धर्मराज ताठ होऊन म्हणाला. "आकडा खोटं बोलत न्हाय, चेअरमन."

मारुतीरावांनी चहाच्या कपात बघितलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. धर्मराज रीतीचा माणूस. न सांगता कुणाच्या दारात जाऊ नये, तसं न सांगता कुणाच्या विहिरीवरही जाऊ नये, म्हणून फेरीच्या आठ दिवस आधी तो प्रत्येक गावाला एक कार्ड टाकायचा. सुंदर अक्षरात, 'अमुक तारखेस विहीर मोजणेस येत आहे. कळावे.' खात्याचा असा काही नियम नव्हता. ही त्याची स्वतःची अदब.

त्र्याऐंशीच्या मेमध्ये जांभूळमाळची तारीख नेमकी बुद्धजयंतीला आली. निपाणीत मिरवणूक, आणि तिचं सगळं धर्मराजाच्या गळ्यात. तेव्हा दुसरं कार्ड न टाकता तो चार दिवस आधीच गेला.

माळावर मोटारींचा घरघराट चालला होता. थोरलीच्या चहूबाजूंना ऊस हिरवागार. त्यानं खडू फासला, लाभ म्हटलं आणि नेहमीच्या अंदाजानं टेप सोडली. वर ओढली तर खडू कोरडा ठाक. त्याला वाटलं, टेप कुठं अडकली. पुन्हा सोडली. पुन्हा कोरडी. तिसऱ्यांदा तो काठावर पालथा पडला आणि आत वाकून बघितलं. पाणी दिसत होतं, पण कुठल्या कुठं खाली. मोजलं तर तेवीस हात.

मागं सुलाबाई उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याला कळलं की नवल फक्त आपल्यालाच वाटतंय.

"चार दिस लवकर आलास, बाबा," ती ओशाळून म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. कार्ड आलं की गावात दवंडी फिरायची. तारखेआधी तीन दिवस माळावरच्या सगळ्या मोटारी बंद. विहिरीत तुरटी फिरवायची, काठ शेणानं सारवायचा. खडकातली विहीर, तीन दिवस उपसा थांबला की झऱ्यांनी परत वर यायची. पोरगी दाखवायच्या आधी नटवतात तशी गाव थोरलीला नटवायचं.

"आन् कशापायी?" धर्मराज ओरडला.

उत्तर द्यायला तोवर मारुतीराव धावत आले होते. "पोरी कोण देणार, मापाडी? सोयरीक जमवाय माणूस आला की पयलं काय इचारतो? पाणी कुठनं आणाय लागतंय? जांभूळमाळला पाणी न्हाय असं सरकारदप्तरी लागलं की आमची पोरं बिनलग्नाची ऱ्हाणार!"

"आन् बोअर मागताना?"

"तिथंच तर गाडं आडलं," मारुतीराव खाली बसले. इज्जत आणि तहान एकाच अर्जात बसत नव्हती.

धर्मराजाला हसावं की रडावं ते कळेना. सायकल हातात धरून तो चालतच निघाला. नऊ वर्षांचे छत्तीस आकडे, प्रत्येकापुढं त्याची सही, आणि सगळे खोटे. त्याच वर्षी त्याची कायम होण्याची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर होती. खरं लिहिलं तर साहेब विचारणार, नऊ वर्षं तू काय डोळे मिटून मोजत होतास? नाही लिहिलं तर थोरली अशीच नटत नटत एक दिवस तळाला जाणार.

घरी त्यानं आईला सांगितलं. तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. ती आधी हसली. पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ हसली, आणि मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"आमी घागर घिऊन उभं ऱ्हायलो की म्हणायचे, पाणी न्हाय. काठोकाठ भरल्याली आसायची तवा. आन् आता न्हाय, तर म्हणत्यात, लई हाय. धर्मा, त्या विहिरीचं खरं कुणीच बोललं न्हाय रं आजवर. तू तरी बोल."

बस. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जांभूळमाळला गेला. पण नुसता तेवीस आकडा नेऊन भागणार नव्हतं. साहेब म्हणणार, एका दिवसाचं काय खरं? मागच्या वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? तो काठावर डोकं धरून बसला असताना सुलाबाई पाणी ओढत होती आणि रहाटात तिचा दोर अडकत होता.

"जळ्ळ्या गाठी," ती करवादली.

धर्मराजानं मान वर केली. "कसल्या गाठी, आक्का?"

"पाणी खाली गेलं की दोर पुरत न्हाय. मग जोड लावायचा. दर दोन-तीन वर्सानं हाईच."

त्यानं दोर मागितला आणि तिच्या अंगणात नेऊन लांब पसरला. जुना काथ्याचा तुकडा पंधरा हात, मग गाठीगाठीनं जोडलेले सुतीचे तीन तुकडे, आणि चौथ्या गाठीपुढं निळा नायलॉन. सुलाबाई उकिडवी बसून एकेका गाठीवर बोट ठेवू लागली. "पंधरा हात तू पयल्यांदा आलास तवाचा. ही गाठ माझ्या शालूच्या लग्नातली. ही म्हस व्याली त्या उन्हाळ्यातली. ही नातवाच्या बारशाची. आन् निळी औंदाची." शेजारणी आपापले दोर घेऊन आल्या. गाठी जवळजवळ त्याच त्या सालांच्या, त्याच त्या लांबीच्या. मोटारी बंद करणाऱ्या पुरुषांनी टेपला फसवलं होतं, पण रोज पाणी ओढणाऱ्या बायकांच्या दोराला कोण फसवणार?

धर्मराजानं म्हशीचं वेत, लग्न आणि बारसं यांची सालं लावली, हातांचे मीटर केले आणि सगळं जसंच्या तसं लिहून बेळगावला नेलं. वर स्वतःच्या कार्डांची चूकही लिहिली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग लाल पेन काढलं आणि रजिस्टरातल्या थोरलीच्या छत्तीस आकड्यांवर एकेक रेघ मारली. धर्मराज समोर उभा राहून बघत होता. प्रत्येक रेघ त्याला लागली.

"ऑर्डर आता थांबणार. एक वर्ष तरी," साहेब म्हणाले.

"व्हय, साहेब."

"आणि ते कार्ड लिहिणं बंद."

"व्हय, साहेब."

साहेबांनी मग दोरांचा कागद फाइलला लावला. दोन महिन्यांनी ते स्वतः न सांगता जांभूळमाळला आले आणि सुलाबाईचा दोर हातात घेऊन बसले. बोअर मंजूर झालं. अट एवढीच की थोरलीच्या जवळच्या चार मोटारी मार्चपासून पाऊस लागेपर्यंत बंद, आणि लांबच्या पाळीनं चालवायच्या. मारुतीराव कुरकुरले, कारण त्या चारांतल्या दोन त्यांच्याच होत्या. पण गावात सरकारी बोअर असल्याचं सोयऱ्यांना सांगता येणार म्हटल्यावर त्यांनी पहिली सही ठोकली.

चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये धर्मराज आईला सायकलच्या कॅरेजवर बसवून जांभूळमाळला घेऊन गेला. ओढ्यापाशी ती उतरली. खालच्या पायरीशी येऊन थांबली, अगदी तिथंच, जिथं घागर ठेवायची. सुलाबाई वर रहाटाशी होती. दोघी साधारण एका वयाच्या. सुलाबाई लग्न होऊन आली तेव्हा तानुबाईला त्याच पायरीशी उभी असलेली तिनं पाहिलं होतं, आणि ते तिलाही आठवत असावं, कारण तिनं ओढता दोर तसाच थांबवला.

"वर ये की गं, तानू," ती शेवटी म्हणाली. "हितं ये."

तानुबाई एकेक पायरी चढून आली. काठाला दोन्ही हात लावून तिनं आत वाकून पाहिलं आणि किती तरी वेळ पाहतच राहिली. धर्मराजानं टेप काढली होती, ती त्यानं परत पिशवीत ठेवली. सुलाबाईनं दोर तानुबाईच्या हातात दिला. तिनं बादली सोडली, पाण्याला टेकल्याचा आवाज आला, आणि भरलेली बादली वर काढताना ती हातागणिक मोठ्यानं मोजू लागली. "लाभ, दोन, तीन..."

अठरा हात भरले. पाच हात पाणी वर आलं होतं. तानुबाईनं बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्याली. मग सुलाबाईची घागर भरून दिली.

ऑगस्टमध्ये साहेब रजिस्टर तपासत होते. जांभूळमाळपाशी त्यांचं बोट थांबलं. 'मोजणार' या रकान्यात धर्मराजाचं नाव नव्हतं.

"हे कोण, तानुबाई? आपल्या स्टाफमध्ये तर नाहीत."

"न्हाईत, साहेब," धर्मराज म्हणाला. "पर ती विहीर त्या माझ्या आदीपासनं बघत्यात. लांबनं."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, लाल पेन बाजूला ठेवलं आणि त्या आकड्याखाली निळ्या शाईनं सही केली.