चारशे बारा हेर

संशय घेण्याच्या बाबतीत आमच्या हिच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या श्रीवर्धन तालुक्यात सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी होडी चालवली. दक्षिणेला जायचं असलं की आधी तासभर उत्तरेला हाकायचे, म्हणजे मागावर असलेले चकावेत. मासळी नेमकी कुठे लागते हे त्यांनी सख्ख्या मुलालाही सांगितलं नाही, कारण मुलाने जमिनीवरची नोकरी धरली. पुढे गुडघे गेले, होडी विकली, आणि मुलाने आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. मामांनी एक अख्खा पावसाळा एका बोटाने टाइप करून समुद्रातल्या आपल्या सगळ्या जागा आणि त्यांच्या खुणा त्यात उतरवल्या. कोणाला सुगावा लागू नये म्हणून फाइलीला नाव दिलं ‘सत्यनारायणाच्या पूजेचं साहित्य’. घरात कोणी पाऊल टाकलं की मॉनिटरवर टॉवेल पडायचा. अशा माणसाने एके दिवशी पेपरात वाचलं की कॉम्प्युटरमध्ये हेर शिरतात आणि आतलं सगळं बाहेर पाठवतात. तिथून माझे भोग सुरू झाले.

मी शाळामास्तर. शाळेचा अडलेला प्रिंटर एकदा माझ्या हातून चालू झाला, एवढीच माझी विद्या. पण सासुरवाडीत तेवढ्यावर मी कॉम्प्युटरचा डॉक्टर ठरलो होतो. मामांनी मला बोलावून हेर पकडणारे दोन प्रोग्राम टाकून घेतले. एक विकतचा, एक फुकटचा. तिसरा, मामा नेटवर भरती-ओहोटीचं कोष्टक शोधत असताना, आपल्या पायांनी चालत आला. मग ‘यातला चांगला कोनता’ हे ठरवायला मामांनी जी पद्धत काढली ती ऐकून मी कपाळाला हात लावला. ज्याच्या जाळ्यात जास्त गावेल तो चांगला! तिघांनाही एकाच भरतीला सोडायचं, नाहीतर तुलना बरोबर होत नाही. त्यासाठी मला भरतीच्या वेळी फोन यायचा, मग मी वर्गात असो की जेवणाच्या पाटावर. “जावय, आज भांगाचा पानी हाय, आज कमीच गावतील. अवसेला ये.” म्हणजे भांगाची मंद भरती टाळून, अमावास्येचं उधाण साधून कॉम्प्युटर तपासायचा. मी गेलो, हो! काय करतो? हिचे मामा!

विकतच्या प्रोग्रामने दोन तास घेतले आणि तीन हेर धरले. “दोन तासांत तीन?” मामा म्हणाले, “पोरं खडपावर गरी टाकून जास्त आनतात.” फुकटच्याने अकरा धरले, पण प्रत्येक वेळी ‘हे काढून टाकू का?’ असं विचारलं. त्यावर मामांचं मत, “खलाशी असा विचारीत बसला तर जालं कवा वडायचा?” तिसऱ्याने मात्र दोन मिनिटांत भोंगा वाजवून, लाल अक्षरांत, चारशे बारा हेर पकडून दाखवले. मामांचा आनंद पोटात मावेना. मामींनी मला खोबऱ्याची वडी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारशे बारा. तिसऱ्या दिवशीही चारशे बारा. मी म्हटलं, “अहो मामा, काल काढले होते ना सगळे? मग आज तेवढेच कुठून आले?” मामांनी माझ्याकडे फार कीव करून पाहिलं. “काल काढला म्हनून आज दर्यात म्हावरा नसतो काय?” त्यातच विकतच्या प्रोग्रामने एक दिवस चौथा हेर धरला, तो नेमका हा तिसरा प्रोग्राम. मी हात जोडले, म्हटलं, “मामा, ऐका त्याचं.” मामा म्हणाले, “मेला जलतंय दुसऱ्याच्या जाल्यावर!” आणि त्यांनी विकतचाच काढून टाकला. फुकटचा तर आधीच गेला होता.

वर्षभरात कॉम्प्युटर इतका मंदावला की तो सुरू होईपर्यंत मामी भाकऱ्या उरकायच्या. शेवटी मी तो उचलला आणि मामांना घेऊन बोर्लीला गेलो. तिथे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाई आहेत, हुशार आणि स्पष्टवक्त्या. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो काका, हाच तर हेर आहे! ते चारशे बारा म्हणजे नुसती चित्रं. वर्षभर हा तुमचं सगळं बाहेर पाठवतोय.”

मामा उभे होते ते स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, “पूजेचा साहित्य पन गेला?”

“सगळंच गेलं असेल, काका. यादीच आहे ना? त्यात काय चोरायचंय,” बाई हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही; त्या नावाखाली काय दडलंय ते मी एव्हाना ओळखून होतो. मीच त्यांना हाताला धरून आधी इथे का आणलं नाही, असं वाटून माझाच मला संताप आला.

दुसऱ्या दिवसापासून मामा दुर्बीण घेऊन बंदरावर बसू लागले. त्यांची सगळ्यांत जवळची जागा तिथून दिसते, हे मला तेव्हा कळलं. आता कोणाची होडी तिकडे वळते ते बघायचं आणि चोर ओळखायचा. जेवणाचा डबा मी पोचवत होतो. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. होड्या बाहेर पडायच्या, लांब खोल पाण्याकडे निघून जायच्या. तिकडे एकही वळली नाही. मी समजूत घालायला म्हटलं, “बघा मामा, काही चोरीला गेलेलं नाही.”

मामांनी दुर्बीण खाली ठेवली. “गेला रं, जावय. गेला, पन कुनालाच नको हाय.”

मग त्यांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. “पेन हाय ना? लिव.” आणि सांगू लागले, देवळाचा कळस आणि मोठा ताड एका रेघेत आले की इंजिन बंद करायचं, तिथे खाली खडक आहे, घोळ मासा लागतो. “ताड वादलात पडला. पन तू ध्यानात ठेव, कुठं व्हता तो.”

होडीत पाऊल टाकलं तरी मला ओकारी येते, हे मामांना माझ्या लग्नापासून ठाऊक आहे. मी म्हटलं, “हो मामा, सांगा पुढे.”