चष्मा आणायला गेलेले गुरुजी

कळसला माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे. उसाचा एकेक डोळा कापून ट्रेमध्ये लावायचा, महिनाभर जोपासायचा आणि रोप तयार झालं की शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये चढवून द्यायचं, हे आमचं काम. मालकीण मीच. आमचे हे बारामतीला एका कॉलेजात क्लार्क आहेत. रोपातलं त्यांना काही कळत नाही आणि ते तसं मोकळेपणानं सांगतात. कामाला आठ-दहा बायका असतात. माणूस पारखायला मला दोन मिनिटं पुरतात, असं मी तेव्हा म्हणायची. आजही म्हणते, पण एका माणसाच्या बाबतीत मी चुकले हे त्याला जोडून सांगते.

तो माणूस एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकातून आत आला. साठीच्या आसपासचा. पांढरा सदरा, लेंगा, पायात चामड्याच्या चपला, हातात पिशवीसुद्धा नाही. सदरा चुरगळलेला होता, पण बाह्यांवरची इस्त्रीची घडी अजून दिसत होती. बायका ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा भरत बसल्या होत्या. तो थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे काम मला जमेल."

"कुठले तुम्ही?"

"इकडचाच."

"नाव काय?"

"आबा म्हणा."

"आधार कार्ड आहे का?"

"सोबत न्हाय."

मला त्या दिवशी हात कमी पडत होते. बोलणं नीट होतं, तोंडाला वास नव्हता, नजर खाली नव्हती. मी म्हटलं, बसा. पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून एक रिकामी खोली होती, ती त्यांना दिली. दोन वेळचा डबा आमच्या घरून जायला लागला. आधार कार्डाचं मी नंतर एकदा विचारलं, त्यांनी "बघतो" म्हटलं, आणि ते तिथंच राहिलं.

दीड वर्ष ते माझ्याकडे राहिले. त्यांच्यासारखा माणूस मला परत मिळालेला नाही. आधी ट्रेवरच्या चिठ्ठ्या बायका मार्करनं कशाही खरडायच्या. उसाची जात कुठली, कुणाची रोपं, कधी लावली, याचा घोळ व्हायचा. आबांनी ते काम स्वतःकडं घेतलं. जातीचा नंबर, शेतकऱ्याचं गाव, लावल्याची तारीख. अक्षर असं, की बायका म्हणायच्या, "आबांनी लिवलं म्हंजी छापल्यावाणी."

काही गोष्टी मला तेव्हाही दिसत होत्या. शेतकरी रोपं न्यायला आले की आबा शेडनेटच्या मागच्या बाजूला जायचे आणि तिथं काहीतरी काम काढायचे. गावात जात नसत. फोन नव्हता आणि कधी मागितलाही नाही. मी त्याला बुजरेपणा म्हटलं. दिवाळीत त्यांना कापडं दिली तेव्हा विचारलं, "आबा, घरी कुणी आहे का?" ते म्हणाले, "आहेत." नाही म्हणाले नाहीत. आहेत म्हणाले. त्यावर पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मी फराळाचं ताट पुढं सरकवलं.

मग एक दिवस बावड्याहून एक शेतकरी आला. तिशी-पस्तिशीचा, हुशार, रोपाची मुळी उपटून बघणारा. मी त्याला ट्रेच्या रांगांमधून फिरवत होते. कळंबच्या एका गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या रोपांपाशी तो थांबला, आणि रोपं सोडून चिठ्ठी बघायला खाली बसला.

"मॅडम, हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या आबांनी. का?"

"हा कळंबचा ळ बघा." त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "असा ळ आमचे गुरुजी काढायचे. हात न उचलता, खालनं वळवून. अख्ख्या वर्गाला त्यांनी ह्योच ळ शिकवला." खिशातला पेन काढून त्यानं स्वतःच्या तळहातावर ळ काढला. दोन्हींत फरक नव्हता. "गुरुजी दीड वर्षामागं हरवलेत. इंदापूरला चष्मा आणायला गेले, ते परत आलेच न्हाईत."

त्याच्या मोबाइलमध्ये अजून ती सूचना होती: हरवले आहेत, वर्णन असं, आढळल्यास कळवा. फोटोत गुळगुळीत दाढी केलेला, चष्म्यातला चेहरा. आबांना छातीपर्यंत दाढी आणि चष्मा नाही. पण कपाळ तेच, आणि डोळे तेच. तो नंबर लावायला लागला तसा मी त्याचा हात धरला.

"थांबा. उद्या संध्याकाळपर्यंत कुणाला बोलू नका. मी स्वतः बावड्याला त्यांच्या घरी येते. शब्द देते तुम्हाला."

"मॅडम, गुरुजींच्या घरी काकूंनी काय काय बघितलंय, तुमाला म्हाईत न्हाय."

"म्हणूनच मी येते. फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?"

तो मोठ्या मुश्किलीनं कबूल झाला आणि रोपं न घेताच गेला. गुरुजींना भेटायला मागं मात्र गेला नाही. मला वाटतं, त्याला भीती वाटली.

मी मागं गेले. आबा रिकामे ट्रे पाइपखाली धूत होते. मी म्हटलं, "गुरुजी." त्यांचा हात थांबला. पाणी तसंच वाहत राहिलं.

"तो पोरगा चौथीत माझ्या वर्गात होता," ते म्हणाले. "त्याचा ळ सगळ्यांत चांगला यायचा."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला काही झालं होतं का? डोक्याला मार, विसरायला होणं, असं काही?" खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. हो म्हटल्यानं सगळ्यांचीच सुटका झाली असती.

"न्हाय ताई. सगळं ध्यानात हाय."

"मग का?"

त्यांनी पुढचा ट्रे पाण्याखाली धरला. मी नळ बंद केला. "मी उद्या तुमच्या घरी जाणार आहे," मी म्हटलं. "त्याच्या आत निघून जायचं असलं तर मी अडवणार नाही. पण मला तोंडावर सांगून जा."

"जाणार न्हाय."

घरी हे म्हणाले, "फाटकाला कुलूप लाव." मी लावलं नाही. माणसाला कोंडून त्याच्या बायकोपुढं उभं करायचं, हे मला पटलं नाही. आणि त्या एका शब्दावर माझा विश्वास होता. सकाळी गेले तेव्हा आबा नेहमीच्या जागी चिठ्ठ्या लिहीत बसले होते.

बावड्याला त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. गुरुजींचं घर म्हटलं की कुणीही दाखवतं. त्यांच्या पत्नी अंगणात सुपात तूर निवडत होत्या. थोरला मुलगा शेतात गेला होता, धाकटा नोकरीला बाहेरगावी. त्यांनी मला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. गाडी चालवताना मी वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी सरळ सांगितलं, "मी कळसची. तुमचे मालक माझ्याकडं आहेत. सुखरूप आहेत."

त्यांचा हात तुरीत तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "जेवत्यात का नीट?"

"जेवतात."

"दाढी?"

"वाढलीय."

"दाढी खाजती त्यास्नी," त्या म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मग त्यांनी सांगितलं. गुरुजींना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरात भांडण नव्हतं, दारू नव्हती, आजार नव्हता, कुणाशी वाकडं नव्हतं. चष्म्याची काच तडकली होती ती बदलायला इंदापूरला गेले. त्या दिवशी दुपारी त्या दोघांना एका साखरपुड्याला जायचं होतं. त्या नवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली. मुलांनी पत्रकं लावली, पाहुण्यारावळ्यांकडं विचारलं, नदीकाठ बघितला. लोकांनी नाही नाही ते तर्क केले, तेही त्यांनी ऐकले.

"आन् दोनदा पोलिसांचा फोन आला," त्या म्हणाल्या. "वर्णन जुळतंय, बघून जावा म्हणून. एकदा बारामतीला दवाखान्यात, एकदा सोलापूरकडं. दोन्ही बारी मी गेले. चादर वर केली, तर दुसऱ्याचाच माणूस. मी घरी येऊन आंघोळ केली, आन् मग देवापुढं बसून रडले. आपला न्हाय म्हणून बरं वाटलं, त्याची मला लाज वाटली."

त्या दोन्ही वेळी गुरुजी माझ्याकडं ट्रे भरत होते. बारामतीच्या दवाखान्यापासून कळस किती लांब? तासाभराची वाट.

त्यांनीच विचारलं, "तुमी त्यास्नी घर कुठं म्हून इचारलं न्हाय?"

"विचारलं होतं. म्हणाले, इकडचाच."

"आन् तुमी ऐकून घेतलं."

"हो. चुकलं माझं." कामाची घाई होती, माणूस चांगला वाटला, हे सगळं खरं होतं, पण तिथं ते सांगायची माझी इच्छा झाली नाही. त्या मान हलवून उठल्या. "चला," म्हणाल्या. मुलाला फोन केला नाही. "आदी मी बघती. मग त्याला सांगती."

कळस जवळ आलं तसा त्यांनी पदर नीट केला आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली.

फाटकात गुरुजी उभे होते. दाढी केलेले. दीड वर्षात पहिल्यांदा ते गावात गेले होते, ते न्हाव्याकडं. दाढीखालची कातडी गोरी दिसत होती. बाईंनी जवळ जाऊन पिशवीतून चष्म्याची डबी काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"घ्या. त्याच दिवशी तयार झाला व्हता. दुकानदारानं ठिवला व्हता."

त्यांनी चष्मा घातला, बायकोकडं बघितलं. "वाळलीस," ते म्हणाले.

"तुमी न्हाय," त्या म्हणाल्या.

आमच्या बायकांतली एक फस्सकन हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. मी सगळ्यांना लांबच्या शेडकडं पिटाळलं. ती दोघं खोलीच्या पायरीवर अर्धा-पाऊण तास बसली. काय बोलली मला माहीत नाही. उठताना बाईंनी मला सांगितलं, "घरला येत्यात. पण आदी इंदापूरला पोलीस ठाण्यात जायचं. त्यांचं नाव हरवलेल्यांच्या यादीतनं काढायचं. मला परत कुणाची चादर वर करायची न्हाय."

मीच दोघांना घेऊन निघाले. गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी झालं काय, तेवढं तरी सांगा."

ते मागच्या सीटवर बायकोशेजारी बसले होते. म्हणाले, "काच बसवायला तास लागंल म्हणाला दुकानदार. मग मी स्टँडवर जाऊन बसलो. बारामतीची गाडी लागली. चढलो."

"आणि मग?"

"बारामतीला उतरलो. रात्र स्टँडवर काढली. सकाळी कळसची गाडी लागली होती."

"कळसच का?"

"गाडी मोकळी होती."

एवढंच. मी आरशात बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. हे उत्तर त्यांना पायरीवर आधीच मिळालं असावं.

पोलीस ठाण्यात हवालदारानं नीट वागवलं. जबाब लिहून घेतला: स्वतःच्या मर्जीनं गेलो, कुणी फूस लावली नाही, कुणाविरुद्ध तक्रार नाही. माझाही जबाब झाला. मग त्यानं पेन थांबवून विचारलं, "गुरुजी, कारण काय लिहू?" गुरुजी टेबलाकडं बघत राहिले. हवालदारानं थोडं थांबून स्वतःच "वैयक्तिक कारण" असं लिहिलं आणि कागद सहीसाठी फिरवला. फाइल मिटली. आतलं कोडं तसंच राहिलं, पण निदान कुणी त्यांच्यासाठी परत चादर उचलणार नव्हतं.

नर्सरीत आता माझा एक नियम आहे. कुणीही कामाला आलं की मी त्याच्या समोर त्याच्या घरी फोन लावते. सांगते, तुमचा माणूस माझ्याकडं आहे. कुणी घर सांगायला तयार नसेल, तर मी चहा पाजते आणि त्याच्यासोबत बसते, पण काम देत नाही. एकदोघं रागावून गेले. जाऊ देत. आमचे हे म्हणतात, माणसं मिळायची नाहीत अशानं. मिळतात.

लोक अजून मला विचारतात, का गेले असतील? त्यांचा तो विद्यार्थी म्हणतो, शाळा सुटल्यावर गुरुजींना करमत नव्हतं. आमच्या बायका म्हणतात, कुणाची तरी बाधा. मला यातलं काहीच पटत नाही आणि माझ्याकडं त्यांच्यापेक्षा चांगलं उत्तर नाही. एवढं मी खात्रीनं सांगते, की ते दुःखी माणूस म्हणून माझ्या दारात आले नव्हते. दीड वर्ष ते शांत झोपले, पोटभर जेवले, मन लावून काम करत राहिले. त्याच काळात त्यांची बायको परक्यांचे चेहरे ओळखत फिरत होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. बसवायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

मध्यंतरी मी बावड्याला गेले होते. गुरुजी ओसरीवर नातवाला गणितं घालत होते. आम्ही उसावर बोललो, पाण्यावर बोललो. निघताना बाई मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. मी हळूच विचारलं, "काही सांगितलं का त्यांनी?"

"न्हाय. मीबी इचारलं न्हाय."

"परत जातील अशी भीती नाही वाटत?"

"पयला महिना वाटायची. फाटक वाजलं की उठून बघायची." त्यांनी माझ्या गाडीच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली. "आता सांगून जात्यात. गिरणीत जायचं असलं तरी ओरडून सांगत्यात, मी गिरणीत चाललोय गं. मी म्हणती, जावा. मानबी वर करत न्हाय."